भाकरी पोळीपेक्षा महाग का झाली?

पुण्यातल्या एखाद्या किराणा दुकानात गव्हाच्या आणि ज्वारीच्या पोत्यांत खोचलेल्या भावाच्या पाट्या शेजारी शेजारी दिसल्या, की सोलापूर किंवा मराठवाड्याकडून आलेला पन्नाशीपुढचा माणूस क्षणभर थबकतो. त्याच्या लहानपणी भाकरी रोजची होती आणि पोळी सणाची किंवा पाहुण्याची. २०२३ साली मात्र चांगल्या मालदांडी ज्वारीचा शहरातला किरकोळ भाव किलोला साठ रुपयांच्या पुढे गेला आणि गहू त्याच्या जवळपास निम्म्या भावात मिळत राहिला. पुढे भाव वरखाली झाले, तरी प्रश्न कायम आहे. जे पीक कमी पावसाच्या मुलखात, पाटाच्या पाण्यावाचून येते आणि ज्याला कालपर्यंत गरिबाचे धान्य म्हणत होते, ते गव्हाच्या पुढे कसे गेले? आणि इतका भाव मिळत असेल, तर शेतकरी ते अधिक का पेरत नाहीत?

याचे उत्तर बाजार समितीच्या भावफलकावर सापडत नाही, कारण त्या फलकावर फक्त दाण्याचा भाव असतो. ज्वारीत दाण्याबरोबर जमीन, जनावर, मजूर आणि शेजारचे रान अशा चार गोष्टी गुंतलेल्या आहेत. त्या एकेक करून पाहू. उदाहरणासाठी सोलापूर जिल्हा, त्यातही मंगळवेढ्याचा भाग घेऊ. त्याला ज्वारीचे कोठार म्हणतात आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

आधी नावांचा गोंधळ

ज्वारी वर्षातून दोन हंगामांत होते. जून-जुलैत पेरून पावसाळ्याच्या अखेरीस काढतात ती खरीप ज्वारी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात ती रब्बी ज्वारी. या रब्बी ज्वारीलाच शाळू म्हणतात. शाळूचे सर्वांत नावाजलेले वाण म्हणजे मालदांडी. त्यातील ‘मालदांडी ३५-१’ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात स्थानिक ज्वारीतून झाली. त्यानंतर राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी फुले वसुधा, फुले रेवती, परभणी मोती अशी कितीतरी सरस वाणे दिली, तरी गिऱ्हाईक दुकानात अजून मालदांडीच मागते.

खरीप ज्वारीचे दुखणे वेगळे आहे. तिचा दाणा भरतो नेमका परतीच्या पावसाच्या तोंडावर, आणि पावसात सापडला की काळा पडतो. १९६४ साली आलेल्या ‘सीएसएच-१’ या पहिल्या संकरित वाणापासून खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले, पण तिची भाकरी लोकांच्या जिभेला फारशी रुचली नाही. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे दिसायला भरघोस पण आतून पोकळ अशा कशालाही लावला जातो, त्याचे एक मूळ त्या भाकरीत असावे असे मला वाटते. पुढे सोयाबीन आणि कापसाने खरीप ज्वारीची जागा घेतली. त्यामुळे आज भाकरीची ज्वारी म्हणजे बहुतांशी शाळू, आणि तो येतो सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव, परभणी, जालना आणि सीमेपलीकडच्या विजयपुरा भागातून.

पाऊस संपत आल्यावर पेरलेले पीक जगते कशावर?

सोलापूरला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या दहापट पडतो, यावरून अंदाज यावा. जून-जुलैचा पाऊस बेभरवशाचा असतो आणि त्यातल्या त्यात खात्रीचा पाऊस सप्टेंबरात, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या सुमारास येतो. म्हणून इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पावसाळाभर रान मोकळे ठेवले, कुळवाच्या पाळ्या घातल्या आणि पाऊस संपता संपता तिफण धरली.

यामागचे गणित समजायला स्वयंपाकघरातला रांजण डोळ्यांसमोर आणावा. खोल काळी जमीन म्हणजे जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण आहे. चार महिने आभाळ तो भरते आणि पुढचे चार महिने ज्वारी त्यातून पिते. वरून नवे पाणी जवळजवळ येत नाही. रांजण किती मोठा हे मातीच्या खोलीवर ठरते, त्यामुळे एकाच शिवारात नदीकाठच्या भारी रानात शाळू डोक्याच्या वर जातो आणि माळाच्या हलक्या रानात गुडघ्याशी अडखळतो.

काळी माती वाळताना भेगाळते. भेग पडली की रांजणाला चीर गेली म्हणायची, कारण त्या वाटेने खालची ओल उडून जाते. त्यावरचा उपाय म्हणजे कोळपणी. बैलाच्या कोळप्याने दोन ओळींमधली माती वरवर मोकळी केली, की भेगा बुजतात, तण निघते आणि भुसभुशीत मातीचा थर झाकणासारखे काम करतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणतात ते उगाच नाही. सोलापुरात १९३३ सालापासून कोरडवाहू शेतीवर संशोधन होत आले आहे, आणि त्याचा मोठा भाग ही ओल धरून ठेवण्याच्या खटपटीचाच आहे.

पेरणीची तारीखही याच रांजणाशी बांधलेली आहे. फार लवकर पेरले तर खोडमाशी कोवळा पोंगा खाऊन टाकते. उशीर केला तर रांजण आधीच निम्मा होतो, आणि दाणा भरण्याच्या वेळी ओल संपली की खडखड्या रोगाने ताटे बुंध्याशी पोकळ होऊन आडवी पडतात. एवढ्या अरुंद वाटेने चालणाऱ्या पिकाकडून उत्पादनाची अपेक्षाही मर्यादितच असते. कोरडवाहू शाळू एकरी चार-पाच क्विंटल निघाला, तर तो वाईट म्हणत नाहीत.

कणीस माणसाचे, ताट जनावराचे

एवढ्याशा दाण्यासाठी कोणी पाच-सहा महिने राबेल का? दाण्यापुरता विचार केला, तर नाही. इथेच शहरी वाचकाचा हिशेब चुकतो, कारण शाळू हे एकाच रानात उभे असलेले दुहेरी पीक आहे. मराठीत ज्वारीच्या धांड्याला ताट म्हणतात. वरचे कणीस माणसाच्या जेवणाच्या ताटात जाते आणि खालचे ताट वाळवून जनावरांपुढे जाते. त्या वाळल्या वैरणीचे नाव कडबा. वजनाने तो दाण्याच्या दुप्पट-अडीचपट भरतो आणि दुष्काळी वर्षी अनेकदा दाण्यापेक्षा त्याचीच चौकशी जास्त होते.

कडब्याचे मोल काढणीच्या रीतीवरून कळते. शाळू विळ्याने मधून कापत नाहीत. फेब्रुवारीच्या उन्हात माणूस कमरेत वाकतो, दोन-तीन ताटे एकत्र बुंध्याशी धरतो आणि हिसका देऊन मुळासकट उपटतो. मुळाची माती पायावर आपटून झाडली जाते. बुंध्याकडचा वीतभर भागही जनावर खाते, म्हणून तो रानात सोडायचा नसतो. दुपारपर्यंत तळहात भाजल्यासारखे लाल होतात आणि पात्याच्या कडांनी हातावर बारीक रेघा उठतात. मग बाया कणसे मोडतात, ताटांच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि पेंढ्यांची गंज रचली जाते. कडब्याचा व्यवहार शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर पेंढ्यांना अमुक रुपये.

दाण्याचे पैसे वर्षातून एकदा येतात. कडब्याचे मात्र रोज थोडे थोडे दूध होते, आणि दुधाचा पगार बहुतेक ठिकाणी दर दहा दिवसांनी मिळतो. घरातला तेल-मिठाचा, शाळेचा, दवाखान्याचा खर्च यातूनच चालतो. कमी पाण्याच्या या मुलखात पंढरपुरी म्हैस आणि खिलार बैल टिकले, त्यात कडब्याचा वाटा मोठा आहे. बैलाने रान नांगरायचे आणि कोळपायचे, त्याच रानाच्या कडब्याने बैलाला वर्षभर पोसायचे, आणि त्याच्या शेणाने पुन्हा रान भरायचे, असे हे चक्र आहे. यातली एक कडी निघाली की बाकीच्या सैल होतात. पुढचा सगळा विषय या सैल होण्याचाच आहे.

गव्हाच्या पिठासारखे हे पीठ का वागत नाही?

गव्हात एक चिवट प्रथिन असते. पाणी घालून मळले की त्याचे जाळे तयार होते, म्हणून कणीक ताणली जाते आणि तासभर झाकून ठेवली तरी चालते. ज्वारीत ते जाळे नाही. तिला एकत्र धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे पिठातले पिष्ट, आणि ते चिकट व्हायला उष्णता लागते. म्हणून भाकरीला आधणाचे पाणी घालतात. परातीत पिठाचे आळे करून त्यात कढत पाणी ओतायचे, हाताला सोसवेल एवढे निवले की तळव्याच्या मुळाशी रगडायचे, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरते पीठ घ्यायचे. थापताना कडेला चीर दिसली, तर मळण्यात कसूर झाली हे बघणाऱ्याला लगेच कळते. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवतात, मग उलटून निखाऱ्याला लावली की ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो.

दळून ठेवलेल्या पिठाचा हा चिकटपणा काही दिवसांत जातो. त्याला पिठाला विरी जाणे म्हणतात. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच मोडते, आणि सासरी नव्या आलेल्या मुलीवर त्याचे खापर फुटते ते वेगळेच. त्यामुळे ज्वारी थोडी थोडी दळावी लागते. गव्हाचे पीठ पिशवीत बंद होऊन देशभर विकले गेले, ज्वारीचे त्या प्रमाणात गेले नाही, याचे एक कारण इतके घरगुती आहे. सोलापूरने यावर आपल्यापुरता तोडगा काढला, तो कडक भाकरीचा. पापडासारखी पातळ आणि पूर्ण वाळवलेली ही भाकरी दीर्घकाळ टिकते, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ली जाते, आणि आज तिच्यावर कितीतरी बायकांचे घर चालते.

भाकरीबरोबरचे जेवणही त्याच रानातून येते. शाळूत मधूनच करडईच्या ओळी टाकतात. करडईचे तेल होते आणि तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावर पिकात शिरत नाही. शेजारी हरभरा असतो. त्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी होते आणि उरलेली पाने वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवली जातात. हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी, हरभऱ्याच्या पिठाचे पिठले असे हे जेवण चवीसाठी कोणी ठरवून जुळवलेले नाही. कमी पाण्यात जे येते, ते एकत्र शिजले आणि त्याची चव लागली.

पिकाने ठरवलेले सण

डिसेंबर-जानेवारीत दाणा दुधातून चिकात येतो, तेव्हा हुरडा. रानात खड्डा करून त्यात शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे आरात खुपसायची आणि भाजलेले कणीस तळहातावर चोळून हिरवे दाणे फुंकून पुढे करायचे. हुरड्यासाठी गुळभेंडी, सुरती अशी वेगळी वाणे असतात. शेतकरी ती बांधाकडेच्या चार ओळींत खास पाहुण्यांसाठी पेरतो. आता हुरडा पार्टीचे माणशी दर असतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. पिकाला मिळणारा तो तिसरा भाव आहे.

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, म्हणजे बोलीत येळवस, साजरी होते. रानात कडब्याची कोप उभारून तिच्यात पांडव मांडतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे व ताकातल्या आंबिलीचे जेवण होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि राने भरतात. लातूर जिल्ह्यात तर त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. पंचांगातली ही तारीख शाळू ऐन भरात असतानाची आहे, हे ध्यानात घेतले की सणाचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही.

मग शेतकरी शाळू सोडतात तरी का?

राज्य स्थापन झाले तेव्हा महाराष्ट्रात ज्वारीखाली साठ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र होते. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. सोलापूर जिल्ह्यात १९८०च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी आले आणि त्यामागून ऊस आला. आज या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, एवढे राज्यात दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात नाहीत.

ऊस जास्त पैसा देतो हे कारण खरे आहे, पण ते निम्मेच आहे. दुसरी बाजू काढणीची आहे. उसाची तोडणी आणि वाहतूक कारखाना लावतो. तोडीसाठी कितीही हेलपाटे घालावे लागले, तरी पंचवीस माणसे गोळा करण्याची जबाबदारी शेतकऱ्याच्या डोक्यावर नसते. शाळूची काढणी मात्र त्याची त्यालाच करावी लागते, तीही ठरावीक पंधरवड्यात आणि नेमकी जेव्हा द्राक्षे, डाळिंबे आणि ऊस अशा सगळ्यांनाच मजूर हवे असतात तेव्हा. यातला विरोधाभास असा, की ज्या बीड जिल्ह्यात शाळू मोठ्या प्रमाणावर होतो, तिथलीच लाखो माणसे त्या महिन्यांत पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडत असतात.

पूर्वी या कामासाठी सावड होती. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी वारंगुळा करून जोडी जुळवत. खळ्यावरच धान्याच्या रूपाने मजुरी आणि बलुते दिले जाई. ती व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती, त्यामुळे तिच्या आठवणीने गहिवरून जाण्याचे कारण नाही. पण ती गेल्यावर तिच्या जागी रोख मजुरी आली, आणि एकरी चार-पाच क्विंटलाच्या पिकाला ती मजुरी झेपेना.

तिसरे कारण बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे पाखरे. हजार एकर शाळू असताना थवे हजार एकरांत विखुरले जात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडे नुकसान येई. चहूकडे ऊस आणि मध्ये एकट्याचा दोन एकर शाळू असला, की शिवारातली सगळी पाखरे त्याच्यावर उतरतात. मग माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर राखण करायला माणूस हवा. पूर्वी ते काम घरातली म्हातारी माणसे आणि पोरे करत. पोरे आता शाळेत असतात, आणि तिथेच असायला हवीत. थोडक्यात, शेजाऱ्याने शाळू सोडला की आपल्यालाही तो सोडावा लागतो. एकट्याने पेरण्याचे हे पीक नाही.

यंत्राने काढता येत नाही का?

येतो, आणि काही ठिकाणी काढतातही. अडचण अशी, की मोठे मळणी-कापणी यंत्र दाणा काढून घेते आणि कडब्याचा चुराडा करते. म्हणजे दुहेरी पिकातले एक पीक रानातच टाकून द्यावे लागते. बुटके वाण यंत्राला सोयीचे, पण बुटक्या वाणाला कडबा कमी. ताट उभे ठेवून उपटणाऱ्या आणि पेंढी बांधणाऱ्या यंत्रांचे प्रयत्न चालू आहेत, पण छोट्या शेतकऱ्याला परवडेल असे यंत्र अजून गावोगाव दिसत नाही.

पाणी दिले तर उत्पादन वाढणार नाही का?

वाढते, चांगलेच वाढते. कणीस पोटरीत असताना आणि दाणा भरताना एकेक पाणी मिळाले, तरी फरक दिसतो. पण ज्याच्या विहिरीत जानेवारीत दोन पाळ्यांचे पाणी शिल्लक आहे, तो त्यावर कांदा, मका किंवा ऊस जगवण्याचा विचार आधी करतो. पाणी आले की शाळू जातो, हा अनुभव गावोगावचा आहे.

हमीभाव आहे ना?

आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ साठी मालदांडीला क्विंटलमागे ३,७४९ रुपये आणि संकरित ज्वारीला ३,६९९ रुपये जाहीर केले. फरक पन्नास रुपयांचा आहे. खाणाऱ्याच्या लेखी या दोन धान्यांत किती अंतर आहे हे वर पाहिलेच. शिवाय कडब्याला हमीभाव नसतो, म्हणजे निम्म्या पिकाची हमी कोणीच घेत नाही.

भरडधान्यांचे दिवस आले आहेत असे म्हणतात

२०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरात ज्वारीची मागणी वाढली, यात शंका नाही. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीपासून शिधापत्रिकेवरचे गहू-तांदूळ मोफत झाले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यासाठी किलोला एक रुपया हा दर होता, तरी आपल्याकडे गावच्या दुकानात प्रत्यक्षात आले ते बहुतांशी गहू-तांदूळच. पोट भरणारे धान्य घरी आल्यामुळे उपाशी राहण्याची वेळ टळली, ही मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांनी १९७२च्या दुष्काळातली मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, लाल भाकरी आठवावी. त्याचबरोबर ज्या घरात तीन पिढ्या भाकरी होत होती, तिथे ती आठवड्यातून दोनदा होऊ लागली. शहरातला माणूस डॉक्टरांच्या सांगण्यावरून भाकरीकडे वळत असताना ज्वारीच्या मुलखातला मजूर पोळीकडे वळला, तो अशा रीतीने.

बैल गेले आणि ट्रॅक्टर आले, तशी कोळपणी महागली. कोळपणी टळली, तसा रांजण लवकर रिता होऊ लागला. कडबा कमी झाला, तशी वैरण विकत आली आणि उसाच्या हंगामात वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, आणि एरवी पेंडीवर दूध काढणे सुरू झाले. दुधाच्या पगारातला मोठा भाग पुन्हा पेंडीच्या दुकानात जातो. मंगळवेढ्याकडे आता असे बागायतदार भेटतात, जे दहा एकर उसाच्या कडेला विहिरीजवळचा अर्धा एकर फक्त घरच्या खाण्यासाठी शाळूला ठेवतात, आणि तेवढाही न ठेवणारे फाल्गुनात कोरडवाहू पाहुण्याकडून दोन पोती मागून घेतात.

तुम्हालाही वर्षाची ज्वारी भरायची असेल, तर वेळ तीच, फाल्गुन-चैत्र. दाणा टपोरा, गोल आणि मोत्यासारखा चकाकणारा पाहावा, एखादा दाताखाली फोडून बघावा, आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवल्याशिवाय डब्यात भरू नये. भाव सांगताना दुकानदार कुरकुरला, तर त्याला विचारा की यंदा तिकडे कडबा शेकडा काय दराने गेला. ज्याला ते माहीत असेल, त्याच्याकडची ज्वारी बहुधा खरोखरच मंगळवेढ्याची असते.